चूलबंद आवतण

इकडं ये प्राजू, जवळ बस जरा. तू पुण्यात आणि मी इथं पलूसच्या अलीकडं, हे मला ठाऊक आहे. पण लिहायला बसले की मी तुला अशीच समोर ओढून घेते, तेव्हा मुकाट्यानं बस. रागवायचं आहे मला तुझ्यावर. फार नाही, थोडंच. परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशीआजी, आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून झोपडीवाले येऊन राहिलेत, पाण्याला आत येतात." मी विचारलं, कोण आहेत गं? तू म्हणालीस, "सांगितलं की, झोपडीवाले." मी परत विचारलं, अगं पण कोण, कुठले? तू हसलीस. तुला वाटलं म्हातारीला ऐकू कमी येतंय. ऐकू मला चांगलं येतं. तू काही वाईट बोलली नाहीस, सगळे बोलतात तसंच बोललीस. पण तुझ्या आजीला, माझ्या आक्काला, असाच एक शब्द चिकटला होता आणि तो तिच्या सरणापर्यंत गेला. तुझ्या आईनं तुला हे सांगितलेलं नाही, कारण तिलाच ते माहीत नाही; आम्ही कधी तिच्यापुढं काढलं नाही. आक्का गेली तेव्हा ती धड रांगतही नव्हती. मला माहीत आहे, आणि माझ्यानंतर सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून हे एवढं प्रकरण तुझ्या नावानं लिहिते.

आम्ही वरची माणसं, सातारच्या डोंगरातली. तिथं गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली घरं नव्हेत. एक घर या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, दुसरं त्या सोंडेवर, मधे ओढा, करवंदीच्या जाळ्या आणि भाताची खाचरं. माणसाची ओळख घरावरून असायची. आमचं घर टेपावर, म्हणून आम्ही टेपावरची. माझ्या आईला बाजारात कुणी हाक मारायचं तर "टेपावरच्या वैनी" अशी. धरणाचं पाणी चढत आलं तसं एकेक घर उठलं. आम्ही पोरं ट्रकच्या फाळक्यावर बसून खाली उतरलो. त्या दिवसाचं रडणं-भेकणं मी इथं लिहीत नाही; ते माझ्या ध्यानातही तुकड्या-तुकड्यानंच आहे. एवढं पक्कं आठवतं की आबा, माझे वडील, सगळ्यात शेवटी चढले आणि त्यांच्याबरोबर चार माणसांनी मिळून घराचा उंबरा ट्रकात चढवला. ऐनाचा, काळाभोर, मधे पायांनी झिजून पन्हाळीसारखा झालेला. बाकीच्यांनी कौलं घेतली, वासे घेतले. आबांनी दाराची चौकट तिथंच सोडली आणि उंबरा तेवढा उपसून आणला.

खाली आम्हाला उतरवलं ते पाटाच्या पलीकडं. अलीकडं गाव, मधे पाट, पलीकडं माळावर पत्र्याची शेडं. लांबच लांब एक रांग, मधे मधे पत्र्याचेच आडोसे, एकेका आडोशात एकेक कुटुंब. सांगितलं होतं वर्षभर राहा, मग जागा मिळंल. त्या शेडात मी लहानाची मोठी झाले, आता समजून घे. पत्र्याखालचं राहणं कसं असतं ते राहिल्याशिवाय कळत नाही. उन्हं चढली की पत्रा टकटक वाजायला लागायचा, कुणी वरून खडे टाकतंय असा. त्यावर आबा उसाचं पाचट पसरायचे, वर दगड ठेवायचे. वारा सुटला की पाचट गावाकडं उडायचं आणि मग गावातनं कुणीतरी पाटावर येऊन ओरडायचं, "आवं शेडवाले, तुमचा कचरा आवरा." शेजारच्या आडोशात कुणी खोकलं तर आमच्याकडच्या भांड्यांना हादरा बसायचा. आई म्हणायची, बरं आहे, कोण आजारी आहे ते विचारायला जायला नको.

आणि आमची ओळख. आधी आम्ही धरणवाली होतो. मग उठवलेली झालो. मग शेडवाली. शेवटचा शब्द टिकला. त्यात कुणाचा वाईटपणा होता असं नाही गं. गिरणीत आमचं दळण वेगळं ठेवायचे, ते आई नाचणी न्यायची म्हणून. शाळूच्या पिठात नाचणी मिसळली तर गावातल्या बायका कुरकुरायच्या. तर गिरणीवाला हाक द्यायचा, "शेडचं दळण झालं, न्या." शाळेत दोन मंदा होत्या. एक नुसती मंदा, एक शेडची मंदा. ती दुसरी मी. मास्तर प्रेमळ होते, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "शेडची असून बघा कसं वाचते." मला तेव्हा ते कौतुकच वाटायचं. आई मात्र हे ऐकलं की भाकरी थापता थापता थांबायची. म्हणायची, "पत्रा काय आमी अंगावर घालून फिरतो व्हय?"

आबांनी उंबरा बसवला नव्हता. गोणपाटात गुंडाळून, खाली दगड देऊन, शेडाच्या मागच्या अंगाला ठेवला होता. वाळवी लागू नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी काळं तेल लावायचे. आमच्या दाराला खाली काहीच नव्हतं, नुसती माती. पावसाळ्यात पाणी सरळ चुलीपर्यंत यायचं. आक्का सारखी म्हणायची, "आबा, बसवा की तो. पानी तरी आडंल." आबा मान हलवायचे. "पत्र्याला उंबरा बसवायचा आसतो का, हौसा? घर झालं की बसवू." आक्काचं नाव हौसा. ती मग मला हळूच म्हणायची, "घर हुईस्तवर उंबराच म्हातारा व्हईल बघ." आबांना वाटायचं, एकदा का इथं उंबरा बसवला, की हेच घर आहे असं आपण कबूल केलं. हे मला आता कळतं. तेव्हा आम्हाला आबा हट्टी आहेत एवढंच कळायचं.

आक्का कशी होती विचारशील. तुझ्या आईची हनुवटी बघ, तीच. उंच, सावळी, कामाला वाघीण आणि तोंडानं फटकळ. गाणं म्हणायची नाही, शीळ घालायची. आई त्यावरून तिला बोलायची, आणि आई पाण्याला गेली की ती परत घालायची. गावात थोरल्या घरचं नवं घर बांधायला निघालं, तेव्हा शेडातल्या सगळ्या बायका तिथं कामाला लागल्या. थोरलं घर म्हणजे बागायतदार, पाटाखाली ऊस, घरात दोन माणसं फौजेत. गावातलं पहिलं स्लॅबचं घर. लोक संध्याकाळी बघायला यायचे. आक्काकडं स्लॅबला पाणी मारायचं काम होतं. विटांचे बांध घालून वर पाणी साठवायचं, सुकलं की परत घागरी चढवायच्या. खालून शिडीवरून घागर कमरेवर घेऊन चढायची, एका हातानं शिडी धरायची. मी शाळा सुटली की तिथंच.

त्या घरचा धाकटा, जयसिंग, रजेवर आला होता. एकदा तो खाली उभा राहून वर काम बघत होता आणि आक्कानं घागर उपडी केली ती नेमकी कडेनं त्याच्या खांद्यावर. तो म्हणाला, "आवं, घराला पानी घालताय का मला?" आक्का वरूनच म्हणाली, "घराला घालतीया. मधी कोन उभं ऱ्हायलं तर मी काय करू?" सगळे गवंडी हसले. तो पण हसला. दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी येऊन उभा राहिला. गवंडी म्हणाले, "जयसिंगराव, छत्री आनू का?" मी लहान होते, पण एवढी लहान नव्हते.

त्याच्या आईला, अनसाकाकींना, हे दिसत होतं. बाई वाईट नव्हती प्राजू, हे मी मुद्दाम लिहिते. आक्कावर तिचा खरोखर जीव बसला होता. चहा द्यायची तो बाकीच्यांना ओट्यावर, आक्काला आत बोलावून. एक दिवस तिनं माझ्या आईला बोलावून घेतलं. मी आईचा पदर धरून होते. काकी सुपात तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "तुमी वर टेपावर ऱ्हायचा म्हनं. जमीन-जुमला हुता." आई म्हणाली, "हुता." "आन पावनं-रावळं?" आईनं नावं सांगितली. काकींनी मान डोलावली, तीन-चार खडे वेचून बाजूला टाकले, मग म्हणाल्या, "तुमच्या हौसानं आमच्या घराला पानी घातलं. आता घरातच येऊं दे म्हनते मी. आमच्यात बाप्यांचं काय, मी म्हनंन ते. पर असं उभ्या उभ्या न्हाई. वास्तुशांतीला माझी तासगावकडची मंडळी येनार हायत, तवा तुमी समदी या. आवतण धाडते. चार मानसांच्या देखत मीच इषय काढीन." आई येताना पाटाच्या पुलावर थांबली आणि उगाचच चूळ भरली. तिला रडू आलं की ती तसं करायची.

आता आवतणाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच गेलं. आवतणं दोन तऱ्हेची. एक घरटी एक माणसाचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, अगदी पाव्हण्या-रावळ्यासकट, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. आमच्या डोंगरात हे आवतण हाळीनं द्यायचे. घरं लांब लांब, प्रत्येक दाराशी कोण जाणार? सांगणारा सोंडेवर उभा राहायचा, हात तोंडाशी लावून ओरडायचा, "चूलबंद हाय होऽऽ." ज्याच्या कानावर हाळी पडली त्याला आवतण पोचलं. वाटेवरच्या गुराख्याला ऐकू आलं तरी तो जेवायला यायचा, कुणी विचारायचं नाही तू कोण. खाली सपाटीवर रीत वेगळी होती. इथं देवळाचा गुरव दारोदार जायचा आणि प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवायचा. अक्षता पडल्या की आवतण. हे आम्हाला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार, तोवर आम्हाला चूलबंद कुणी दिलंच नव्हतं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सदू गुरव गावातनं फिरला. शेवटचं घर पाटाच्या कडेला होतं. तिथं त्यानं अक्षता ठेवल्या आणि त्या घरातली म्हातारी बहिरी म्हणून मोठ्यानं ओरडून सांगितलं, "उद्या थोरल्या घरी चूलबंद हाय होऽऽ." आई पाटावर धुणं धूत होती. तिनं ऐकलं. ती धुणं तसंच ओलं घेऊन पळत आली आणि दारातनंच म्हणाली, "आलं आवतण. हाळी आली." शेडातल्या शेवटच्या आडोशापर्यंत ही बातमी तिनंच पोचवली. "समद्यास्नी हाय, चूलबंद हाय." किती दिवसांनी त्या रांगेतली माणसं एकमेकांशी हसून बोलत होती. कुणीतरी म्हणालं, ही खालची माणसं आपण समजतो तशी नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या रांगेतनं धूर निघाला नाही. तुला यातलं काय कळणार, तुमच्याकडं धूर नसतोच. पण शेडातलं सकाळचं रूप म्हणजे धूर. पत्र्याच्या फटीफटीतनं निघणारा. त्या दिवशी पत्रे नुसते स्वच्छ उन्हात चमकत होते. आईनं चूल पोतेऱ्यानं सारवली, तिच्यावर हळदी-कुंकू वाहिलं. पोरांना आंघोळी घातल्या. आक्कानं आईचं हिरवं लुगडं नेसलं, पेटीत ठेवून ठेवून त्याला घड्या पडल्या होत्या त्या पाण्याचा हात फिरवून मोडल्या. मी तिच्या वेणीत अबोलीचा गजरा माळला. ती म्हणाली, "लय घट्ट बांधू नको मंदे, डोस्कं दुखतंय." दुखत नव्हतं काही. सारखी गजरा चाचपत होती ती.

मग आम्ही वाट बघत बसलो. आमच्याकडं रीत अशी की पानं मांडली की दुसरी हाळी येते, चला उठा म्हणून. ऊन चढलं. पत्रा टकटक वाजायला लागला. गावाकडनं सनईचा आवाज येत होता, मग तोही थांबला. शेजारची पोरं रडायला लागली. खपली गव्हाच्या खिरीचा वास पाटावरून येत होता, खोटं नाही सांगत. आबा म्हणाले, "आपल्याला दुसरी हाळी आली न्हाई." आई म्हणाली, "गडबडीत इसरली आसतील. कामाचं घर हाय." आबा म्हणाले, "मग तुमी जावा. मी दुसऱ्या हाळीला येतो." ते उठले नाहीत. आई आम्हाला घेऊन निघाली, आणि तिच्या मागं ती सगळी रांग.

मांडवात पंगत बसत होती. आम्ही मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो, आणि सगळ्यांची नजर एकदम आमच्यावर आली. वाढपी एक पोरगा होता, तो आत बघून ओरडला, "काकी, शेडवाली आल्यात." अनसाकाकी लगबगीनं बाहेर आल्या. नवं लुगडं, नाकात नथ, कपाळाला घाम. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. नुसता गोंधळ होता. म्हणाल्या, "अगं बाई, तुमी कशाला तरास घेतला? तुमच्या पोरास्नी मी डेगीतनं धाडनारच हुते संध्याकाळच्याला." आईच्या तोंडातनं एवढंच निघालं, "हाळी ऐकली." काकींना त्याचा अर्थच कळला नाही. तांदूळ निवडताना आईला काय कबूल केलं होतं ते त्यांना त्या गडबडीत आठवलं का नाही, ते मला अजून कळलेलं नाही. तेवढ्यात त्यांच्या मागनं तासगावची त्यांची नणंद आली. अंगावर दागिने, बरोबर लग्नाची लेक. द्राक्षांची बाग असलेलं घर. ती आक्काकडं बघत राहिली. आक्का तिथं हिरव्या लुगड्यात ताठ उभी होती, दिसत पण होती अशी की बघणाऱ्यानं बघावं. नणंदेनं विचारलं, "ही पोरगी कुनाची गं, वैनी?"

मी तुला सांगते प्राजू, त्या क्षणाला काकींना काहीही म्हणता आलं असतं. टेपावरच्यांची म्हणता आलं असतं. हौसा म्हणता आलं असतं. मी बोलले होते ना तुला तिच्याबद्दल, असं म्हणता आलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आई बघत होती, आणि पंगतीच्या टोकाला आमटीची बादली घेऊन जयसिंग उभा होता, तोही बघत होता. काकींनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "ही व्हय? शेडवाली हाय. स्लॅबला पानी माराया हुती."

बस, एवढंच. मग त्यांनी आम्हाला बसवलं. गोठ्याच्या बाजूला, शेवटच्या ओळीत, पण बसवलं, पत्रावळी मांडल्या, वाढलं. खीर, भात, वांग्याची भाजी, बुंदी. जयसिंग आमटी वाढत आला. आक्काच्या पानाशी आला तेव्हा त्याचा हात थांबला. मला वाटलं बोलतोय आता. त्यानं पळी बुडवली, वाढली आणि पुढच्या पानाकडं गेला. माझ्या पानात आमटी वाढायची तो विसरला. मी आईकडं बघितलं, म्हटलं चल घरी जाऊ. आईनं मांडी बदलली आणि हळू आवाजात म्हणाली, "वाढलेल्या पानावरनं उठायचं न्हाई. अन्नाचा काय दोष हाय. खावा." आक्का जेवली. खीर मागून घेतली नाही, पण पानात जे होतं त्यातलं शीतही ठेवलं नाही. मला अजून दिसतं ते, ती बोटानं पत्रावळीची कडा पुसून घेताना. त्या दिवसानंतर आमच्या घरात खपलीची खीर झाली नाही. माझ्या सुनांना वाटतं मला ती बाधते. बाधतेच.

परत आलो तेव्हा आबा तिथंच बसले होते, सकाळचे. पोटात काही नाही. आईनं पदराखाली बुंदी आणली होती, ती त्यांच्यापुढं ठेवली. आबांनी ती बघितली पण हात लावला नाही. आक्काला विचारलं, "बोलली का काकी?" आक्का लुगडं सोडायला आडोशामागं गेली होती. तिथनं म्हणाली, "बोलली की." आबांना काय ते समजलं.

सकाळी आबांनी सदू गुरवाला पाटावर गाठलं. मी घागर घेऊन मागं होते. आबा भांडायला गेले नव्हते, विचारायला गेले होते. "सदूमामा, तू गावाला अक्षदा ठिवल्यास. आमच्या दाराला का आला न्हाईस?" सदूमामा गोंधळला. म्हणाला, "आलो आसतो की. पर काकी म्हनल्या घराघराला ठेव. आन तुमच्यात ठेवू कुठं? तुमच्या दाराला उंबराच न्हाई." तो टोचून बोलत नव्हता. त्याला खरंच ती अडचण वाटली होती.

आबा घरी आले. मागं गेले, गोणपाट सोडलं, उंबरा बाहेर काढला. चार माणसांनी उचललेला तो उंबरा त्यांनी एकट्यानं एका टोकानं उचलून सरकवत सरकवत पुढं आणला. दार अरुंद, उंबरा मोठ्या घराचा. दोन्ही बाजूंनी हात हातभर बाहेर आला. शेजारी म्हणाले, आबा, करवत आणतो, कापून बसवू. आबा म्हणाले, "कापायचा न्हाई." तसाच खोदून, दगड घालून बसवला. येणारं-जाणारं त्याला ठेचकाळायचं. आक्का बाजूला उभी होती. आबांनी हात झटकले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "बसवला बग तुजा उंबरा." आक्कानं त्यावर पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं. किती दिवस मागत होती ती.

त्यानंतर आबांना एकच ध्यास लागला. पोरीला घर बघून द्यायची. मुलगा कसा, माणसं कशी, काही नाही, घर दगडी पाहिजे. रहिमतपूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा बिजवर, पण घर मोठं, चौसोपी, पुढं जोतं, दाराला पितळी कड्या. आबा बघून आले ते फक्त दाराचंच सांगत होते. आईनं विचारलं, "आन पोरगा?" आबा म्हणाले, "हाय की, बरा हाय." आक्कानं नाही म्हटलं नाही. जयसिंगचं लग्न तासगावला ठरल्याचं तोवर गावभर झालं होतं. आक्का सासरी निघाली तेव्हा त्या अवजड उंबऱ्यावर डोकं टेकलं, आणि उठताना मला म्हणाली, "तेल लावत जा गं ह्याला. आबा आता इसरतील."

पंचमीला एकदाच आली ती माहेरी. पोटुशी होती, तुझी आई पोटात. दुपारी उंबऱ्यावर बसली, बसायचं नसतं तरी बसली, आणि आईनंही तिला उठ म्हटलं नाही. मी विचारलं, "आक्का, घर कसं हाय?" म्हणाली, "लय मोठं हाय. आवाज घुमतो." मग जरा वेळानं म्हणाली, "तिथं मला कुनी हौसा म्हनत न्हाई गं. सासू 'शेडातली' म्हनती. आधी वाटलं रागानं म्हनती. तसं न्हाई, तिला माझं नावच पाठ न्हाई." आणि हसली. शीळ घाल म्हटलं तर ओठ मुडपले, हवा नुसती निघाली. जाताना माझी हनुवटी धरून म्हणाली, "तू ये मंदे माझ्याकडं. लवकर ये. मानसं हायत तिथं, पर माझं कुनी न्हाई." आबा म्हणाले, उसाची तोड झाली की मंदाला घेऊन येतो.

तुझी आई जन्मल्याचा सांगावा आला, आम्ही बाळंतविडा घेऊन जायचं ठरवलं, तर पाट फुटून शेडात पाणी शिरलेलं. मग ऊस सुरू झाला. तोड अजून संपायची होती तेव्हा एक माणूस सायकलवरनं आला. पाटाच्या पुलावर उभा राहून त्यानं विचारलं, "शेडवाल्यांचं घर कंचं? ज्यांची लेक रहिमतपुराकडं दिली ती?" मी धावत पुढं गेले, मला वाटलं आक्कानं काही धाडलंय. त्यानं चप्पल काढली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. तेव्हा आईला कळलं. ताप होता म्हणे तीन आठवडे. डॉक्टर आणेपर्यंत आटोपलं. आम्ही गेलो तेव्हा त्या मोठ्या घरात बायका बसल्या होत्या आणि एक दुसरीला सांगत होती, "शेडातली गेली, तिची मानसं आल्यात." मेल्यावर तरी नाव घ्यावं की नाही गं. आईनं तिथं उभं राहून, कुणी विचारलेलं नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हौसा नाव हुतं तिचं. टेपावरची हौसा." आणि तुझ्या आईला उचलून छातीशी घेतलं ते परत खाली ठेवलं नाही. ती आमच्यातच वाढली, आमच्याच त्या पत्र्याखाली.

आता इथं एकही शेड नाही. आम्हाला उशिरा का होईना, जागा मिळाल्या, घरं झाली, कुणाची दुमजली आहेत, फरश्या तर थोरल्या घरापेक्षा गुळगुळीत. माझं लग्नही आमच्याच खोऱ्यातल्या घरी, दोन आडोसे सोडून पलीकडं झालं, म्हणून मी इथंच राहिले. पण एस्टीचा कंडक्टर अजून ओरडतो, "चला, शेडवाले उतरा." नवा पोरगा असतो, त्यानं शेड बघितलेलंसुद्धा नसतं. परवा मी उतरता उतरता त्याला म्हटलं, बाबा, मंदा म्हण, मावशी म्हण, थेरडे म्हण, पण ते नको म्हणू. त्याला वाटलं तिकिटाचं काही आहे. अनसाकाकी गेल्या त्याच्या आधी मला एकदा देवळात भेटल्या होत्या. माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि म्हणाल्या, "तुझी भन लय गुनाची हुती. काय बरं नाव तिचं?" मी सांगितलं. अजून काय करणार.

उंबरा माझ्या दाराला आहे. माझ्या धन्यानं घर बांधताना दाराचं माप उंबऱ्यावरून घेतलं, म्हणून आमचं दार गावात सगळ्यात रुंद. बैलगाडी आत घ्यायची काय म्हणून लोक चेष्टा करायचे. काळं तेल मी अजून लावते, गुडघे वाकत नाहीत तर लाकडी पाटावर बसून लावते. तू लहानपणी आली होतीस तेव्हा त्याला ठेचकाळून पडलीस आणि ओठ फुटला होता तुझा. आठवतं का? तो हा.

तर ये एकदा. सवड झाली की, असं म्हणू नकोस, ती होत नाही. त्या भिंतीपलीकडच्या बाईला तिचं नाव विचार आणि येताना मला सांग, मला उगाच हुरहूर लागून राहिली आहे. नवऱ्याला आण, लेकराला आण, तुझ्या आईला धरून आण. त्या दिवशी तुमच्या कुणाच्या घरी गॅस पेटायचा नाही. चूलबंद आहे. अक्षता घेऊन पुण्याला कुणी येणार नाही, वाट बघत बसू नकोस. मी इथून हाळी घातली आहे, आणि आमच्यात ऐकू आली की आवतण पोचलं. लवकर ये.